मैनेचा चिकटवलेला नाल

हुडको वसाहतीत वरात निघाली की घोडीचा लगाम भागाबाईच्या हातात असायचा. तिचा नवरा पंजाबराव पोलादाच्या प्लांटमध्ये माल वाहणाऱ्या कन्व्हेयर बेल्टचे जोड चिकटवायचा आणि सुट्टीच्या दिवशी वरातीत घोडी चालवायचा. तो गेल्यावर सगळे म्हणाले, घोडी विकून टाक. भागाबाईनं पदर खोचला आणि लगाम धरला. "बाईमाणूस वरातीपुढं?" म्हणून ज्यांनी नाकं मुरडली, त्यांच्याही पोरांना तिनंच मांडवापर्यंत नेलं.

मैना पांढरीशुभ्र, स्वभावानं गरीब. बँड कानाशी वाजला तरी बिचकायची नाही. तिचे खूर मात्र पहिल्यापासून कच्चे. यंदा पुढच्या दोन्ही पायांच्या कडा बिस्किटासारख्या तुटायला लागल्या आणि मैना लंगडू लागली. दुर्गचा नालबंद भैयालाल पाय मांडीवर घेऊन बराच वेळ पाहत बसला.

"भाभी, खिळा ठोकू कुठं? जागाच नाई राहिली. अहिवाऱ्याचा तो माणूस शिंगरांसाठी मागून राहिला ना, देऊन टाक."

"देऊन टाक म्हणे! तुयी म्हैस देतं का तू?"

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मग एक वाट सांगितली. खिळ्याशिवाय, नुसत्या चिकटद्रव्यानं बसणारे नाल मिळतात. भैयालालला हसू आवरेना. "नाल चिपकवायचा? घोडी हाय का लिफाफा?" तरी भागाबाईनं सामान मागवलं, आणि कुरकुरत का होईना, त्यानं नाल बसवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही नाल गवतात पडलेले.

"मी म्हणलो नव्हतो?" भैयालाल म्हणाला. डबीत आणखी एकदाच पुरेल इतकं चिकटद्रव्य उरलं होतं. एवढ्यानंही नाल टिकला नाही, तर मैनेला अहिवाऱ्याला धाडायचं, हे भागाबाईनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं.

तिनं पडलेला नाल उचलून नाकाशी नेला. मोहरीच्या तेलाचा वास! खुरांना तेल चोळायची या घरची जुनी रीत. नवे नाल बसणार म्हणून आदल्या सकाळी तिनं दुप्पट चोळलं होतं, आणि भैयालालनं फडक्यानं नुसतं पुसून घेतलं होतं. तिला पंजाबरावची आठवण झाली. बेल्टच्या जोडाचं काम असलं की तो आपल्या डोक्याला तेल लावू द्यायचा नाही. म्हणायचा, "तेलाचा हात लागला का जोड गेला समज."

"भैयालाल, तुयी चूक नाई, मायी हाय," ती म्हणाली. "आता तेल बंद. खूर सुकू दे, मग बसव."

तेलाची वाटी तिनं फडताळात वर ठेवून दिली. सकाळ झाली की मैना तेलासाठी आपणहून पाय पुढे करायची. भागाबाई तिच्या मानेवरून हात फिरवायची. "नाई बाई, आज नाई."

खूर कोरडे झाल्यावर भैयालाल आला. या वेळी कानशीनं घासून त्यानं एकेक खूर खरखरीत केला, स्पिरिटनं पुसला, नाल दाबून वरून पट्टी गुंडाळली. नाल घट्ट बसेपर्यंत पाय हलता कामा नये. भागाबाईनं पाय आपल्या मांडीवर धरला. चिकटद्रव्य घट्ट होता होता तापायला लागलं, तिच्या मांडीला चटका बसला, पण ती हलली नाही. ती हलली नाही म्हणून मैनाही हलली नाही.

सकाळी नाल जागेवर होते. दुसऱ्या दिवशीही. मैना सरळ चालू लागली.

पुढच्या वरातीत नवरदेव सुजय मैनेवर बसला. त्याची मावशी हळद-तेलाची वाटी घेऊन मैनेच्या पायाशी वाकली. भागाबाईनं तिचा हात धरला.

"मावशी, कपाळाले लावा. पायाले नाई."

"कावून वो?"

"आमच्या घरी तेल बंद हाय."

हुडकोच्या डांबरी रस्त्यावरून मैना मान उंच करून चालली. भैयालाल वरातीत नुसता तिच्या पायांकडे बघत चालला होता. नाचणाऱ्या पोरांनी दोनदा ढकललं, तरी त्याची नजर हलली नाही. मांडव आला. दोन्ही नाल जिथल्या तिथं.

तो भागाबाईजवळ आला आणि टोपी सारखी करत म्हणाला, "भाभी, हथखोजकडं एकाची घोडी अशीच हाय. मालक विचारून राहिला. मी बसवतो म्हणलो, पण पाय धराले तू लागशील."

भागाबाईनं लगाम या हातातून त्या हातात घेतला. नवरदेव उतरत होता, बँडवाले आणखी जोरात वाजवत होते, म्हणून तिला मोठ्यानं बोलावं लागलं.

"येईन! पण त्याले आजच सांगून ठेव, तेल बंद कर म्हणा!"