धुळ्याहून आणलेला आचारी

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. इंदूजवळ, माझ्या बायकोजवळ, तर नाहीच. आणि आता ती नाही. मुलींना यातलं काही ठाऊक नाही. तुम्ही समोर बसला आहात असं समजून बोलतो. मध्येच अडखळलो तर अडखळू द्या – सवय नाही.

आमच्या घरात जेवणाच्या ऑर्डरींचा धंदा सुरू होता होता राहिला, तो आबांमुळे – असं आमच्या नात्यात सगळे समजतात. आबा म्हणजे माझे वडील. इंदूही तेच समजत होती. शेवटपर्यंत.

माझे वडील धुळ्याला आचारी होते. बघा, एवढं साधं वाक्य. हे जळगावात मी नोकरीची सगळी वर्षं कुणासमोर उच्चारलं नाही. लग्नं, मुंजी, बारशी, तेराव्याची जेवणं – धुळ्यात कुठे मांडव पडला की आबांना बोलावणं यायचं. आई माझ्या लहानपणीच गेली. मी वाढलो तो दुसऱ्यांच्या मांडवातल्या अन्नावर. शाळेच्या डब्यात आदल्या दिवशीच्या पंगतीतली बुंदी असायची. आबा घरी आले की त्यांच्या सदऱ्याला धुराचा आणि तळणीच्या तेलाचा वास यायचा, आणि त्या वासाला बिलगून मी झोपायचो. मग तो वास मला नकोसा झाला. केव्हा झाला? नक्की सांगता येत नाही. आठवीत असताना एका वर्गमित्राच्या बहिणीच्या लग्नाला गेलो होतो. पंगतीत बसलो, आणि आबा आतून भाताची परात घेऊन आले. मला पाहून हसले. मी पानातल्या मिठाकडे बघत राहिलो. त्यांना वाटलं असेल, पोराचं लक्ष नाही. की तेव्हाच कळलं असेल?

पुढे जळगावला कचेरीत लागलो. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्याने सहज विचारलं, वडील काय करतात? मी म्हणालो, धुळ्याला किराण्याचं दुकान आहे. कुणी मागितलं होतं ते दुकान माझ्याकडे? कुणी नाही. पण तोंडातून गेलं, आणि गेलेलं परत घेता आलं नाही.

इंदू असोद्याची. लग्न ठरलं तेव्हा आबा काय करतात हे तिच्या माहेरी उघडच होतं, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट तिचं नि आबांचं फार जमलं. तिच्या हाताला चव होती – मी नवरा म्हणून सांगत नाही, आमची सगळी गल्ली सांगायची. आबा धुळ्याहून आले की दोघं चुलीशी बसून तास न् तास बोलत. मी पेपर उघडून बसायचो. कधी कधी आतून हसण्याचा आवाज यायचा, तेव्हा मला – खरं सांगतो – बाहेर एकटं पडल्यासारखं वाटायचं.

मोठा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. इंदूच्या डोक्यात एक विचार आला होता. गावात लोक हल्ली छोट्या कार्यांना घरच्या घरी रांधायला कंटाळतात, तर बारसं, डोहाळजेवण, साखरपुडा असल्या जेवणांच्या ऑर्डरी आपण घ्यायच्या. सामान आपणच आणायचं, करून द्यायचं. ती गोडाचं आणि मांडे बघेल, आणि आबांनी धुळ्याची खोली सोडून आमच्याकडे यायचं, मोठी पातेली नि भट्टी सांभाळायची. "तिकडे एकटेच असतात हो," ती म्हणाली. "हात भाजला तरी विचारायला कुणी नाही. इथे आले तर काम होईल आणि माणसातही राहतील."

मी काय म्हणालो? बघू, म्हणालो. जागा लहान आहे म्हणालो. साखर मिळत नाही, रॉकेल मिळत नाही म्हणालो. सगळी कारणं खरी होती, आणि त्यातलं एकही माझं कारण नव्हतं. माझ्या दारात पातेल्यांचा ढीग दिसणार, आबा बनियनवर भट्टीशी बसणार, आणि कचेरीतला कुणी सायकलवरून जाताना थांबून विचारणार – हे कोण? मला फक्त तेवढंच दिसत होतं.

शेवटी ठरलं, एक काम करून बघू. जमलं तर धंदा सुरू, नाही तर विषय बंद. आणि ते एक काम कुणाचं आलं असेल? आमच्या साहेबांच्या मुलीचा साखरपुडा. हळदीकुंकवाला साहेबांच्या बाईंनी इंदूच्या हातचं काही खाल्लं होतं, त्यांनी आपणहून बोलावलं. नाही म्हणायची सोय नव्हती. मी इंदूला एवढंच बजावलं, की साहेबांच्या घरी घरगुती गोष्टी फार बोलू नकोस. ती म्हणाली, "बोलायला सवड कुठे मिळणार आहे मला?"

आखाजी – अक्षय्य तृतीया – नुकतीच होऊन गेली होती, आमरसाचे दिवस. आबा धुळ्याहून एसटीने आले, टपावर आपली पातेली, कढया, झारे चढवून. स्टँडवर उतरले तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या कार्यातल्या यजमानासारखा होता. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर क्वचित पाहिला. रस्त्यात म्हणाले, "धुयानी खोली सोडी देस मी. मालकले सांगी बी टाकं."

खोली सोडतो असं घरमालकाला सांगून आले होते ते.

साहेबांच्या मागच्या अंगणात कडुनिंबाखाली चुली मांडल्या. इंदूने खापरावर पुरणाचे मांडे केले, आमरस, भरीत, कढी, भजी, भात. आबा भट्टीशी. मी इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या बैठकीत – पाहुण्यांत. कचेरीतले सगळे आले होते. पंगती उठल्या तशी स्तुती सुरू झाली, आणि मुलाचे वडील, भुसावळचे कुणी मोठे गृहस्थ, साहेबांना म्हणाले, ज्यांनी हे केलं त्यांना भेटू या. साहेबांनी मला हाक मारली. आम्ही सगळे मागच्या अंगणात गेलो. माझ्या शेजारी तोच – शेजारच्या टेबलावरचा. इंदू तेव्हा आत होती, बायका तिची ओटी भरत होत्या.

आबा उठून उभे राहिले. अंगावर बनियन, खांद्यावर पंचा, हाताला राख. साहेबांनी विचारलं, "हे कोण?"

मी इथे थांबतो जरा.

किती सोपं होतं. 'माझे वडील.' दोन शब्द. आबा माझ्याकडे बघत होते, हसतच होते – त्यांना वाटत होतं, आता हा सांगणार. आणि मी म्हणालो, "आचारी आहे साहेब. धुळ्याहून आणलाय."

आणलाय. बापाला आयुष्यभर 'तुम्ही' म्हटलेला मुलगा मी. नुसतं 'आलेत' म्हणालो असतो तरी चाललं असतं. त्यात खोटं पण नव्हतं. तेवढा मान परक्या म्हाताऱ्यालाही देतात. पण मला भीती वाटली, की मान दिला तर कळेल.

आबांचं हसू गेलं नाही. ते हळूहळू बदललं. आपण पाहुण्यांसमोर हसतो तसं झालं. साहेबांनी त्यांना विचारलं, "नाव काय तुझं?"

"सखाराम, साहेब," आबा म्हणाले.

नुसतं सखाराम. आडनाव नाही सांगितलं. आडनाव सांगितलं असतं तर शेजारी मी उभा होतो ना. तेवढ्या क्षणात त्यांना सगळं समजलं – दुकान, कचेरी, शर्ट – आणि तेवढ्याच क्षणात त्यांनी मला झाकून घेतलं. भुसावळच्या गृहस्थांनी टॉवेल-टोपी मागवून त्यांना दिली. आबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि वाकून नमस्कार केला. त्या घोळक्यात मी उभा होतो. तो नमस्कार मलाही झाला.

घरी आल्यावर इंदू थकली होती, पण बोलायची थांबेना. सावद्याच्या एका केळीवाल्यांकडचं जावळ ठरल्यात जमा होतं, आणखी दोघींनी पत्ता घेतला होता. "आता सुरू करायचंच," ती म्हणाली. आबा ऐकत होते.

सकाळी त्यांनी पातेली बांधायला घेतली. इंदूला वाटलं, धुळ्याची खोली आवरायला निघाले. ते तिला म्हणाले, "बेटा, मन्हाच्यानं आते व्हत नही. धग सहन व्हत नही."

तिचा विश्वास बसला नाही. कालपर्यंत तर तुम्हीच म्हणत होतात, आबा. त्यांनी मान खाली घालून तेच पुन्हा सांगितलं. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. पातेली टपावर मीच चढवली. बस सुटायला वेळ होता. मी काही तरी बोलायला लागलो, तर तेच म्हणाले, "तू साहेबलोकस्मा ऱ्हास. तुन्हं बी बरोबर शे. तिले काही सांगू नको."

तू साहेबलोकांत राहतोस, तुझंही बरोबर आहे, म्हणाले. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं का? कोण जाणे. 'आबा, उतरा खाली' असं मी म्हणालो नाही, एवढं मात्र खरं.

तुम्हाला वाटेल, हीच ती गोष्ट. नाही. इथवर आबांनी आपणहून माझ्यासाठी केलं. पुढचं मी केलं.

इंदू गप्प बसणारी नव्हती. म्हणाली, मी धुळ्याला जाते, त्यांना समजावते. धग सोसत नसेल तर नुसते बसून सांगा म्हणावं, मी माणूस लावते भट्टीला. आणि नाहीच आले तर मी एकटी सुरू करते. ती खरंच निघाली होती. पिशवी भरून दारात उभी. ती तिथे गेली असती, आबांना खोदून विचारलं असतं, तर ते कुठवर लपवणार? आणि एकटीने सुरू केलं असतं तरी साहेबांच्या बाई एक दिवस विचारणारच – तो धुळ्याचा आचारी नाही आणला का?

मी म्हणालो, "धगेचं नुसतं निमित्त आहे इंदू. सुनेने परक्याच्या अंगणात चूल पेटवावी हे आबांना कमीपणाचं वाटलं. मला म्हणाले तसं, स्टँडवर."

ती म्हणाली, "ज्यांनी जन्मभर हेच केलं, त्यांना कमीपणा?"

"म्हणूनच," मी म्हणालो.

माझी लाज मी बापाच्या तोंडी घातली, आणि ती तिथे किती चपखल बसली. इंदूने पिशवी खाली ठेवली. सावद्याला नाही म्हणून कळवलं. आबांच्या शब्दाबाहेर ती जाणार नव्हती, कारण तिचा त्यांच्यावर जीव होता. आणि त्या दिवसापासून तो कमी कमी होत गेला. पुढे कुणी ऑर्डरीचं विचारलं की ती म्हणायची, "आमच्या सासऱ्यांना चालत नाही." मी तिथेच असायचो. पेपर असायचा हातात.

आबा धुळ्यातच राहिले. घरमालकाच्या हातापाया पडून ती खोली त्यांनी परत मागून घेतली, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. अंगात होतं तोवर लोकांची लग्नं रांधत राहिले. आमच्याकडे येणं त्यांनी सोडलं, आणि इंदूने बोलावणं सोडलं.

ते आजारी पडले तेव्हा आम्ही दोघं गेलो. इंदूने त्यांचं सगळं केलं, कपडे धुतले, पेज भरवली, पण तोंडातून कामापुरताच शब्द. निघायच्या दिवशी दुपारी ती त्यांच्या खाटेजवळ बसली. मी दारात चपला घालत होतो. तिने विचारलं, "आबा, एकदा विचारते. माझं ते काम तुम्हाला कमीपणाचं वाटलं होतं ना?"

आबांना हे नवीन होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, काही न समजल्यासारखं. मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. आणि त्यांना समजलं. दुसऱ्यांदा. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर मला दिसला असता, मी तोच शोधत होतो. ते थोडा वेळ थांबले. माझ्यासाठी थांबले ते. मी खाली बघून चपलेचा अंगठा नीट केला.

"हां बेटा," आबा म्हणाले. "माले तसंच वाटनं."

त्यानंतर ते फार जगले नाहीत. इंदूने रीतीप्रमाणे सगळं केलं. रडली नाही.

इंदू गेल्या साली गेली. बरेच दिवस अंथरुणावर होती, जुनं जुनं आठवून बोलायची – असोद्याचं, मुलींच्या लहानपणाचं. एका संध्याकाळी म्हणाली, "आबा तसे वाईट नव्हते हो. पण माझं एवढं एक त्यांनी होऊ दिलं नाही."

खोलीत आम्ही दोघंच होतो. आबा नव्हते, साहेब नव्हते, कचेरी नव्हती. ज्याच्यासमोर लाज वाटावी असं कुणीही उरलं नव्हतं.

मी तिला दोन चमचे पाणी पाजलं, तोंड पुसलं आणि म्हणालो, "आता नको तो विषय."