दिव्याच्या खालच्या अंगाला

दिव्यांच्या कारखान्यात डिझाइनच्या खोलीत कोणी नवीन रुजू झालं, की बाई पहिल्या दिवशी त्याच्या हातात पेन्सिल देत नाहीत, ड्रिल देतात. टेबलावर एक नवाकोरा दिवा असतो. उघड्यावर, धुळीत, पाण्याच्या माऱ्यात वर्षानुवर्षं टिकायचा तसला, ओतीव ॲल्युमिनियमचा, उचलताना कमरेला कळेल इतका जड. "पाडा भोक," बाई म्हणतात. "खालच्या अंगाला." नवा माणूस गोंधळून इकडेतिकडे बघतो. दिव्यात पाणी जाऊ नये म्हणून जिथे सगळे डोकं फोडतात, तिथे आल्या आल्या भोक! माघारी सगळे त्यांना 'भोकवाल्या बाई' म्हणतात, हे बाईंना चांगलं ठाऊक आहे. राग येणं दूरच, त्या नावावर त्यांचा जीव आहे.

त्यामागची हकिगत बाई सव्वीस वर्षांच्या होत्या तेव्हाची. तेव्हा त्यांना बाई कोणी म्हणत नव्हतं, म्हणून आपणही 'ती' म्हणू. नोकरीला अकरा महिने झाले होते. वर्ष भरलं की कायम करायचं की घरी पाठवायचं, हे मोठे साहेब ठरवणार होते. आईने मात्र 'आमची मुलगी दिवे बनवते' असं नात्यात झाडून सगळ्यांना सांगून टाकलं होतं. एका मावशीने तर घरची ट्यूबलाइट बघायला ये म्हणून निरोपही धाडला होता.

तिचा पहिला दिवा होता खडी फोडणाऱ्या एका कारखान्यासाठी. तिथल्या शेडमध्ये धुळीमुळे दिवसाही दिवे लागत. तिने काचेभोवती रबराची जाड पट्टी बसवली, झाकण आठ स्क्रूंनी आवळलं. स्क्रू असे, की पूर्ण सैल केले तरी झाकणालाच लटकून राहत. मग दिवा पाण्याच्या हौदात अर्धा तास बुडवून ठेवला. बाहेर काढून उघडला, तर आत थेंब नाही. त्या दिवशी तिचे पाय जमिनीवर नव्हते. फक्त एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही: हौदात बुडवलेला दिवा बंद होता, गार होता.

असे चाळीस दिवे बसले आणि तीन महिन्यांनी तक्रार आली. दिव्यांत पाणी भरतंय, एकामागून एक बंद पडतायत. मोठे साहेब एवढंच म्हणाले, "जाऊन बघून ये. चूक कोणाची ते लिहून आण."

शेडमध्ये पोचल्यावर तिने मान वर करून बघितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. अकरा दिव्यांना खालच्या अंगाला भोकं पाडलेली होती! तिथला वायरमन शेजारीच उभा होता. साठीला टेकलेला, खांद्यावर सदा शिडी, म्हणून सगळे त्याला शिडीमामा म्हणत.

"ही भोकं कोणी पाडली?"

"मीच," मामा म्हणाला.

का पाडली, हे तिने विचारलं नाही. आयतं कारण हाती आल्यावर कोण विचारतो? ती तडक कचेरीत गेली आणि अहवाल लिहिला: 'वायरमनने दिव्यांना भोकं पाडल्यामुळे आत पाणी शिरले आहे.' मॅनेजर वाचूनच तापला. म्हणाला, "पाळी सुटली की बोलावतो त्याला. आजच हिशोब करून घरी पाठवतो."

खरं तर तिने तेव्हाच निघायचं. पण पुरावा म्हणून एखादा दिवा उघडून फोटो काढावा, असं तिला वाटलं. मेन बंद करून मामाने शिडी लावली, खाली घट्ट धरली. तिने भोकाचा दिवा उघडला. आत कोरडं ठणठणीत. भोकाला आतून कापडाचा जाड तुकडा चिकटवलेला. दुसरा उघडला, तोही कोरडा. मग तिने बिनभोकाचा दिवा उघडला, आणि अंगठाभर गढूळ पाणी तिच्या बाहीतून थेट काखेत उतरलं.

ती मग खाली उतरली आणि जे सकाळी विचारायला हवं होतं ते विचारलं, "मामा, भोकं का पाडलीत?"

मामाने आपला अजून न उघडलेला जेवणाचा डबा पुढे केला. "सकाळी गरम गरम भरून झाकण दाबलं. आता उघडा बघू."

तिने जोर लावला. झाकण हलेना.

"गार होताना आतली हवा आक्रसते, झाकण धरून ठेवते," मामा म्हणाला. "तुमचा दिवा दिवसभर तापतो. पाळी सुटली की आम्ही पाइप लावून सगळं धुतो, दिव्यांसकट. तापल्या अंगावर गार पाणी पडलं की तो आत काहीतरी ओढणारच. हवा नाही मिळाली तर रबराच्या फटीतून पाणी ओढतो. म्हणून हवेला वाट करून दिली. कापड धूळ गाळायच्या पिशवीचं आहे, हवा जाते, धूळ अडते. थेंब शिरलाच तर खालून गळून जातो."

हौदातला गार दिवा तिच्या डोळ्यांसमोर आला. इतकं साधं होतं! तेवढ्यात पाळी सुटल्याचा भोंगा झाला आणि मामाला मॅनेजरचं बोलावणं आलं.

मामाबरोबर कचेरीत जाताना तिला दिसत होतं, हा अहवाल परत घेतला की आपली नोकरी गेली. नाही घेतला तर मामाची. तिने टेबलावरचा कागद उचलून फाडला. "चूक माझ्या डिझाइनची आहे. यांनी भोक पाडलेले दिवे तेवढे कोरडे आहेत. चाळीसही दिवे आम्ही बदलून देऊ."

मॅनेजरने हिशोबाची उघडलेली वही मिटली. मामाला अजून पत्ताच नव्हता आपल्याला कशाला बोलावलंय. फाडलेल्या कागदावरून त्याला ते कळलं.

बाहेर आल्यावर तिला राहवलं नाही. "मामा, तुम्ही आधीच मॅनेजरना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर त्यांनी तुमच्या कारखान्याला लिहिलं असतं. नवीन पोरीने काढलेला दिवा आहे, हे बसवायला आलेले लोक बोलत होते. म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत रोज एक उरकू. चाळीस झाले की कोणाला कळायचंही नाही. पण त्याआधीच तक्रार गेली."

"पण माझ्यासाठी कशाला? तुम्ही मला ओळखतही नव्हता."

"पस्तीस वर्षं शिडीवर गेली, पोरी. दर खेपेला स्क्रू हातातून सुटतो. उतरा, शोधा, परत चढा. गुडघे गेले त्यात. तुझा स्क्रू पडत नाही, लटकून राहतो. वर चढणाऱ्या माणसाचा विचार केलेला दिवा पहिल्यांदा बघितला मी. तो करणारी पोरगी घरी बसून कसं चालेल?"

ती तिथेच, खडीच्या ढिगाजवळ, हमसून हमसून रडली. मामाने शिडी खाली ठेवली आणि ती थांबेपर्यंत तिथेच उभा राहिला.

मोठ्या साहेबांपुढे तिने सगळं कबूल केलं, भरपूर बोलणी खाल्ली, आणि नोकरी राहिली. नव्या चाळीस दिव्यांना हवेची वाट ठेवलेली होती. ती कुठे नि कशी ठेवायची, हे मामाने कारखान्यात येऊन दाखवलं.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. फाडलेला अहवाल मात्र बाईंनी तुकडे चिकटवून खणात ठेवला आहे. नव्या माणसाने भोक पाडलं, की त्या तो काढतात आणि आपली ती ओळ स्वतः मोठ्याने वाचतात. मग कापडाचा तुकडा पुढे करून म्हणतात, "हं, लावा आता. आणि मग दिवा वर टांगा, शिडीवर चढून झाकण उघडून बघा, स्क्रू पडत नाही ना."