पानी म्हणायला एकोणीस दिवस

"ब्रोकाज अफेझिया," डॉक्टर म्हणाले. मास्क, त्यावर प्लास्टिकची ढाल, आणि त्यामागून येणारा आवाज. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. मग त्यांनी एस्तेरला, म्हणजे माझ्या बायकोला, समजावलं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. त्या भागात बोलणं तयार होतं. "यांना सगळं समजतंय. काय बोलायचं तेही माहीत आहे. फक्त शब्द बाहेर येत नाहीत."

मी सव्वीस वर्षं श्रीरामपूरला मराठीचा प्राध्यापक होतो. भाषाशास्त्र शिकवत होतो. अफेझियावर परीक्षेत पाच मार्कांची टीप यायची आणि मी ती दरवर्षी मुलांकडून घोटून घ्यायचो. त्या पाच मार्कांत नेमकं काय असतं, ते मला कॉटवर पडल्यावर कळलं.

डॉक्टरांना मला एकच विचारायचं होतं. मी पुन्हा शिकवू शकेन का? तोंड उघडलं तर "ते... ते... ते" एवढंच निघालं. डाव्या हातात खडू धरल्यासारखं करून तो हवेत फिरवला. एस्तेरला कळलं. तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बोलतील. किती ते आत्ता सांगता येणार नाही. शिकवण्याचं नंतर बघू." 'नंतर बघू' म्हणजे काय, हे निम्मं आयुष्य सरकारी पत्रव्यवहार केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

हे लिहितोय ते तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली तर उपयोगी पडावं म्हणून. तेव्हा आधी माझी चूक सांगतो. टाळेबंदीचा दुसरा महिना होता. सकाळी साडेआठचा ऑनलाइन तास चालू होता. वाक्याच्या मधेच माझे शब्द एकमेकांत गुंतले. मुलं म्हणाली, "सर, तुमचा आवाज तुटतोय. नेटवर्क जातंय." मलाही तेच वाटलं. मी मोबाईल खिडकीशी नेला. मग गच्चीवर नेला. उजव्या हातातून पेन पडलं तेव्हाही मी पेन उचलायला वाकलो, मदतीला कुणाला हाक मारली नाही. नेटवर्कला दोष देण्यात पाऊण तास गेला. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर आधी माणसाला दवाखान्यात न्या. नेटवर्कचं मागाहून बघता येतं.

नगरला पोहोचायला पोलिसांची नाकी होती, पास होते, दवाखान्याच्या दारात आधी नाकातला स्वॅब होता. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं. आमची वेळ टळली होती. यात कुणाचा दोष नाही, त्या दिवसांत सगळेच धावत होते. बारा दिवस मी तिथं होतो. पहिल्या दिवशी वॉर्डात हलवल्यानंतर नातेवाइकांना वर यायला बंदी. एस्तेर खाली आवारात लिंबाच्या झाडाखाली बसून असायची आणि चार वाजता वर बघून हात करायची. मी डावा हात करायचो.

तिथल्या एका नर्सने मला एकदा गंमत म्हणून "एक" म्हणायला सांगितलं. एक निघेना. ती स्वतःच मोजायला लागली आणि तिच्यामागून मी दहापर्यंत गेलो! मग बेचा पाढा म्हटला. तिनं तिनाचा सुरू करून दिला, तोही म्हटला. बायकोचं नाव येत नव्हतं आणि तीन नव्वे सत्तावीस घडाघडा येत होतं. मी रडायला लागलो आणि ती नर्स टाळ्या वाजवायला लागली. घोकलेलं बोलणं मेंदूच्या वेगळ्या कप्प्यात असतं, हे पुढे अनघा मॅडमनी सांगितलं. या आमच्या स्पीच थेरपिस्ट, म्हणजे गेलेलं बोलणं परत शिकवणाऱ्या.

घरी आलो. अनघा मॅडम नगरहून आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर यायच्या. बाकीचे दिवस घरच्यांनी सराव घ्यायचा. पण एस्तेर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आणि शिक्षकांना तेव्हा नाक्यावर ड्यूटी लावली होती. सकाळी सातला ती निघून जायची. मग सराव कोण घेणार?

समोरच्या घरात मार्थाबाई राहतात. अंगणवाडी सेविका. त्या दिवसांत दुपारभर घरोघर फिरून ताप मोजायच्या. एस्तेरने त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याला काय हुतंय? अंगनवाडी बंदच हाय. तीस पोरांच्या जागी एक." मला हे आवडलं नाही. सांगता येत नव्हतं, एवढंच.

बोलायला शिकायचं तर ओठ दिसायला हवेत, आणि ओठ दिसायचे तर मास्क काढायला हवा. म्हणून त्यांनी युक्ती काढली. त्या त्यांच्या ओट्यावर, मी माझ्या ओट्यावर, मधे गल्ली. दोघांचे मास्क हनुवटीवर. अंतर जास्त म्हणून त्या खणखणीत आवाजात शिकवायच्या आणि मला तेवढ्याच मोठ्यानं म्हणावं लागायचं. सकाळी आठ ते नऊ सगळी गल्ली ऐकायची. डॉक्टरेट केलेला माणूस "पा... पा..." करतोय आणि समोरून मार्थाबाई ओरडतायत, "शाब्बास! आता गाल फुगवा!" त्या हातांनी पाखरू करायच्या, टाळ्यांवर ठेका धरायच्या. दुधवाला थांबून बघायचा.

अनघा मॅडमनी पंधरा शब्दांची यादी दिली होती. त्यात पहिलाच शब्द पाणी. मार्थाबाईंनी तांब्या उचलून दाखवला आणि म्हणाल्या, "सर, म्हना. पा-नी."

आता माझी खरी चूक. सव्वीस वर्षं मी वर्गात एकच लढाई लढलो होतो. आमच्याकडे ण चा न होतो. आनी, पानी, कोन, लोनी. एखादा मुलगा उभा राहून "पानी" म्हणाला की मी पुस्तक मिटायचो. जीभ वर वळवा, टाळूला लावा, म्हणा पाणी. पुन्हा म्हणा. काही मुली पुढे बोलायच्याच बंद व्हायच्या. पाठीमागे मला 'ण सर' म्हणायचे, ते मला माहीत होतं आणि त्याचा थोडा अभिमानही होता.

तर मार्थाबाई "पानी" म्हणाल्या आणि माझ्या अर्ध्या मेंदूतला ण सर जागा झाला. जित्याची खोड. मी मान हलवली. नाही. त्या पुन्हा म्हणाल्या, पानी. मी डाव्या हाताच्या बोटानं जीभ दाखवली, वर वळवून दाखवायचा प्रयत्न केला. उजवीकडून लाळ गळली. त्यांना वाटलं मला उलटी होतेय.

एकोणीस दिवस हे चाललं. मला एकच शब्द म्हणायचा होता आणि तो शुद्धच म्हणायचा होता. जीभ उचलायचो, ती अर्ध्यात लटकायची, आवाज घशात अडायचा, चेहरा लालबुंद व्हायचा. यादीतले बाकीचे शब्द मी हातात धरले नाहीत. रात्री एस्तेर विचारायची, "आज काय काय आलं?" मी भिंतीकडे तोंड करायचो. पुन्हा शिकवणं दूर, मी पुन्हा पाणीसुद्धा मागू शकणार नाही, असं मला त्या दिवसांत वाटायला लागलं होतं.

शेवटी अनघा मॅडमनी व्हिडिओवर मला नीट बघितलं आणि विचारलं, "सर, तुम्ही ण म्हणताय का?" मी मान डोलावली. त्या कपाळावर हात मारून हसल्या. म्हणाल्या, "तुमच्या जिभेची उजवी बाजू कमजोर आहे. जीभ मागे वळवून काढायचा आवाज सगळ्यात शेवटी येतो. लहान मुलांनाही उशिरा येतो. तुम्ही डोंगराच्या शेंड्यावरून चढायला सुरुवात केलीत. मार्थाबाई म्हणतात तसं म्हणा."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मार्थाबाईंनी तांब्या उचलला. आमच्या दोघांत त्या कॉलबद्दल काही बोलणं झालेलं नव्हतं. मी म्हणालो, "पा. नी."

मार्थाबाई उठल्या, मास्क वर घेतला, गल्ली ओलांडली आणि तांब्या माझ्या पायरीवर ठेवला. टाळ्या नाहीत, शाब्बास नाही. म्हणाल्या, "प्या."

मी प्यायलो. आयुष्यभर मी ज्या शब्दावर तांबडी रेघ मारली, त्यानं मला पाणी आणून दिलं होतं. मला अतिशय लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. त्या दिवशी आम्ही आणखी चार शब्द केले. भाकर, बादली, दार, आई. संध्याकाळी एस्तेर नाक्यावरून आली तेव्हा मी तिला दारातच म्हणालो, "ए... ते." पूर्ण नाव यायला पुढे दीड महिना लागला. ती मात्र तेवढ्यावरच पायरीवर बसून रडली.

मार्थाबाईंबद्दल लिहायला बसलो तर थांबणार नाही. दुपारी उन्हातान्हात शंभर घरं फिरायच्या, लोक त्यांना दारातून हाकलायचे, आणि सकाळी आठला त्या ओट्यावर ताज्यातवान्या हजर असायच्या. एकदा मी चिडून पाटी भिरकावली. त्या म्हणाल्या, "फेका फेका. आमची पोरं बी फेकत्यात. मंग उचलाया लावते मी." आणि खरंच उचलायला लावली. त्यांनी एकदाही माझ्या तोंडातला शब्द स्वतः पुरा केला नाही. जवळच्यांना हे फार अवघड जातं. कीव येते, घाई होते, लोक आपल्या तोंडातलं काढून घेतात. मार्थाबाई नुसत्या थांबायच्या. थांबणं हे शिकवण्याचं निम्मं काम आहे, हे मला डॉक्टरेटमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

आठ महिन्यांनी मी कॉलेजचा तास घ्यायला पुन्हा बसलो, ऑनलाइनच. चाळीस मिनिटांत माझी अकरा वाक्यं झाली. मुलांनी फार सांभाळून घेतलं. कुणी बाहेर पडलं नाही. पण अभ्यासक्रम काही कुणासाठी थांबत नाही. प्राचार्य म्हणाले, ग्रंथालयाचं काम बघा, निवृत्तीला चारच वर्षं राहिलीत. त्यांचा हेतू चांगला होता. मी आठवडाभर विचार केला आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. एस्तेरने विचारलं, "घरी बसून करणार काय?"

उत्तर अनघा मॅडमकडे होतं. त्यांच्याकडे चित्रांची तयार कार्डं होती, बाहेरून मागवलेली. त्यात पेंग्विन, स्ट्रॉबेरी, मेट्रो. आणि ती ओळखायची नेवाशाच्या, पारनेरच्या खेड्यांतून येणाऱ्या पेशंटांनी. पेशंटला पेंग्विन सांगता आला नाही की कागदावर शून्य पडायचं. त्या म्हणाल्या, "मला इथल्या मराठीचा माणूस हवाय." मी मार्थाबाईंना घेऊन कार्डं करायला बसलो. खुरपं, कालवण, टेम्पो, एसटी, उसाचं टिपरू. प्रत्येक चित्रामागे तो शब्द कुठे कसा म्हणतात ते लिहिलं. त्यातला कुठलाही शब्द चूक नाही, अशी तळटीप मी स्वतःच्या हातानं टाकली, डाव्या हातानं. आता आठवड्यातून दोन दिवस मी एसटीने नगरला जातो आणि सरावाच्या खोलीत बसतो. माझं स्वतःचं बोलणं अजून अडखळतं. पेशंटांना त्याचा धीर येतो.

गेल्या पावसाळ्यात सुप्याच्या कारखान्यात काम करणारे बबनराव आले. पन्नाशीचे, माझ्यासारखाच झटका. पूर्ण गप्प. त्यांच्याबरोबर कांताबाई, त्यांची बायको. सरावाच्या कागदावर पहिलाच प्रश्न असतो, घरच्यांची नावं. अनघा मॅडम त्यांना बायकोकडे बोट दाखवून विचारायच्या, "यांचं नाव काय?" ते खाली बघायचे. पाच आठवडे तिथं शून्य पडलं. कांताबाई खुर्चीत अवघडून बसायच्या. एकदा जिन्यात मला म्हणाल्या, "मला इसरले वो ते."

मला एकदम सुचलं. मी विचारलं, "बाई, हे... तुम्हाला... नावानं हाक मारायचे का कधी?"

त्या लाजल्या. "नाव कशाला घेत्याल? आमच्यात न्हाई घेत. मी बी न्हाई घेत."

"मग कसं... बोलवायचे?"

पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "आपलं... आगं."

जो शब्द तीस वर्षांत बबनरावांच्या तोंडी कधी आला नव्हता, तो आम्ही त्यांना पाच आठवडे विचारत होतो. आत गेलो. अनघा मॅडमना खुणेनं थांबवलं. कांताबाईंना दाराजवळ, पाठमोरं उभं राहायला सांगितलं, स्वयंपाकघरात उभ्या असतात तसं. मग मी बबनरावांजवळ बसलो आणि म्हणालो, "भूक लागलीय. बाई आत आहेत. बोलवा."

ते बराच वेळ त्या पाठीकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. घशातून नुसती हवा आली. मी थांबलो. अनघा मॅडमही थांबल्या.

"आ... गं."

कांताबाई वळल्यासुद्धा नाहीत. तीस वर्षांची सवय, पाठमोऱ्याच म्हणाल्या, "काय वं?"

आणि मग त्यांना कळलं, आपण कुणाला ओ दिली ते.