फळ्याशी बोलणाऱ्या बाई
कानातल्या मशीनचा सेल बदलताना कल्याणच्या शाळेतला सहावीचा वर्ग हटकून आठवतो. तेव्हा मशीन नव्हतं; समोरच्याच्या ओठांकडे बघूनच मला बोलणं कळायचं, आणि हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवशी इंग्रजीच्या बाईंनी ‘हिअर’ आणि ‘लिसन’मधला फरक फळ्यावर लिहिला होता: आवाज कानावर पडणं वेगळं, लक्ष देऊन ऐकणं वेगळं. मग फळ्याकडे तोंड करूनच त्यांनी मला काहीतरी विचारलं. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला, तेव्हा मला ते कळलं. बाई वळल्या. “लक्ष कुठंय तुझं? जा, शेवटच्या बाकावर बस!” तिथून तर ओठही दिसले नसते. मी दप्तर उचललं आणि सरळ पहिल्या बाकाशी जाऊन उभी राहिले. “बाई, मला हिअर होत नाही. लिसन मी करते. पण तुम्ही फळ्याशी बोलता.” वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला सरकायला सांगितलं आणि तोच प्रश्न माझ्याकडे बघून पुन्हा विचारला. आता ठाण्याच्या ऑफिसात मीटिंगमध्ये कुणी स्क्रीनकडे तोंड करून बोलायला लागलं, की मी खुर्ची ओढत पुढे नेते. फार आवाज होतो म्हणे. होऊ दे.