दाखवायचं, बोलायचं, हो म्हणायचं

दलालाच्या घरी सून होऊन आलं की दोन गोष्टी साठत जातात : दुसऱ्यांच्या खोल्यांच्या किल्ल्या आणि किस्से. किल्ल्या परत द्याव्या लागतात. किस्से सांगायला इथे माझं कोणी नाही, म्हणून लिहिते.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, गिरगावात खोल्यांची दलाली करतात. त्यांच्या मते दलालाचे अधिकार तीन : खोली दाखवायचा, मालकाच्या वतीने बोलायचा आणि हो म्हणायचा. तिसरा कुठलाच मालक सहजी देत नाही.

*

एकदा लालबागच्या एका गिरणीकामगाराला मामंजी सौजन्याने ‘हरकत नाही’ म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी तो हातगाडीवर संसार घालून हजर! मालक खवळला. मामंजी म्हणाले, मला फक्त बोलायचा अधिकार होता. गाडीवरच्या ट्रंकेवरून त्याची मालवणी बायको म्हणाली, “मगे बोललात कित्याक?”

*

मामंजींचे गुडघे धरले की खोली दाखवायला मी जाते. परळला एका बाईंनी नळाच्या वेळेपासून छपराच्या गळतीपर्यंत सगळं मलाच विचारलं. मी नुसती दाखवते, म्हटलं.

“अहो, किल्ली तुमच्या कमरेला, आणि विचारू कोणाला?”

*

घरी उलट. गिऱ्हाईक दारात येऊन मलाच विचारतं, “घरात कोणी आहे का?”

“कोणी नाही,” मी सांगते. ते परत जातं.

*

लग्नाला वीस दिवस झाले आणि हे संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडले गेले. जाताना म्हणाले, सुटलो की आपली वेगळी खोली बघू. त्याच आठवड्यात माहीमची एक खोली आली. मालकिणीला शनिवारपर्यंत उत्तर हवं होतं. सासूबाई म्हणाल्या, मामंजींना विचार. मामंजी म्हणाले, “मी दाखवणार. हो त्यानं म्हणायचं.”

शनिवारी मालकिणीने आमच्या दारात येऊन विचारलं, “यजमान कुठे आहेत?”

“आत.”

त्यांनी माझ्या मागे डोकावून पाहिलं.

“तुरुंगात,” मी म्हटलं.

“मग हो कोण म्हणणार?”

“मी.”

मग यांना पत्र टाकलं. हे नाही म्हणाले तर किल्ली परत द्यायची होती. अकरा दिवस मी ती कमरेला लावून रोज दुपारी त्या रिकाम्या खोलीत जाऊन बसत होते.

बाराव्या दिवशी तुरुंगाचा शिक्का मारलेलं कार्ड आलं. दोनच ओळी :

‘हरकत नाही. खोलीला खिडकी आहे ना?’