मी त्यांना अल्सर सांगितला

"बाई, पोट उघडलं आणि तसंच बंद केलं," सर्जन म्हणाले. "आत करण्यासारखं काही उरलेलं नाही."

मी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर लाकडी बाकाशी उभी होते. हातात यजमानांसाठी आणलेला थर्मास होता. त्यांनी 'कार्सिनोमा' असा शब्द वापरला. म्हणजे कॅन्सर. जठरात सुरू होऊन यकृतापर्यंत पोचलेला. मी विचारलं, किती दिवस? तीन महिने, फार तर चार, असं म्हणून ते निघाले, आणि दोन पावलं जाऊन परत वळले. "त्यांना सांगू नका हं. पेशंट खचतो. अल्सर होता, काढून टाकला, असं म्हणायचं."

मी मान हलवली. इतक्या सहज हलवली की आज स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमच्या नागपुरात कोणी पेशंटला कॅन्सर सांगत नसे. केसपेपरवरसुद्धा डॉक्टर सरळ शब्द लिहीत नसत. 'मायटॉटिक' असं लिहीत, म्हणजे पेशींची वाढ. वाचणाऱ्याला बोध होऊ नये एवढाच हेतू. नातेवाइकांनी व्हरांड्यात तोंडाला पदर लावून रडायचं आणि डोळे पुसून हसत आत जायचं, अशी रीतच होती. तुमच्यापैकी कोणाच्या घरात आज असा आजार आला असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. धीर द्यायला नाही. तो माझ्याजवळ नाही.

माझे यजमान वामनराव शाळेत मराठी शिकवायचे आणि कथा लिहायचे. मी महाल भागातल्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसायची. मूलबाळ नाही. दोन खोल्या, आणि त्यांत माणसांपेक्षा पुस्तकं जास्त.

सुरुवात अगदी क्षुल्लक होती. दोन घास खाल्ले की यांचं पोट भरायचं. मी चिडायची, "माझ्या हातची भाजी आवडत नाही तर तसं सांगा ना!" मग पँट ढिली झाली, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. वैद्य झाले, आवळकाठी झाली, खायचा सोडा झाला. त्यात तीन महिने गेले. शेवटी बेरियम मील केलं. म्हणजे पांढरं, चुन्यासारखं औषध पाजून पोटाचे फोटो काढतात. हे तोंड वाकडं करून म्हणाले, "वीस वर्षं खडू फळ्यावर झिजवला, आता पोटात घेऊन राहिलो."

ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं असेल? "काय निघालं?"

"अल्सर," मी म्हटलं. "काढला."

"बरं झालं," म्हणाले, आणि झोपले.

आता दादांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथंच अडलं आहे. दादा म्हणजे यांचे सख्खे मोठे भाऊ. नागपूरजवळच्या खाप्याला असतात, हातमागावर लुगडी विणतात. आजारपणाच्या नऊ वर्षं आधी यांनी एका दिवाळी अंकात कथा लिहिली होती. आईच्या मरणाची. तिच्यात आई तापानं फणफणते आहे आणि थोरला मुलगा मागावरून उठत नाही, लुगडं पुरं करायचं म्हणून. तो उठतो तेव्हा आई गेलेली असते. कथा फार गाजली. लोकांनी पत्रं पाठवली. खाप्यात ती पानठेल्यावर मोठ्यानं वाचली गेली, आणि कोणता थोरला मुलगा ते सगळ्या गावाला कळलं.

दादा पहिल्या गाडीनं आले होते. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "मायच्या मरणाची गोष्ट केली अन् तिच्यात मले मारेकरी केलं. गावात तोंड दाखवायले जागा नाही ठेवली गा तू." एवढंच बोलून गेले. पुन्हा आले नाहीत, हेही गेले नाहीत.

खरं काय झालं होतं ते यांनी मला एकटीलाच सांगितलं होतं. दादांनी आईला बैलगाडीत घालून सावनेरला नेलं होतं आणि यांना तार केली होती. तार सकाळीच मिळाली. पण त्या संध्याकाळी यांचं कथावाचन होतं, पहिलंच, मोठ्या लोकांसमोर. यांनी तार खिशात ठेवली, कथा वाचली, टाळ्या घेतल्या, दुसऱ्या दिवशी गेले. तोवर आई गेली होती. कथेत यांनी आपलं पाप उचललं आणि भावाच्या अंगावर घातलं. "कथेले तेच शोभत होतं," असं म्हणाले होते एकदा. नंतर कधी म्हणाले नाहीत.

सरकारी दवाखान्याच्या त्या वॉर्डात दिवस सरकता सरकत नसे. सकाळी डॉक्टरांचा राउंड, दुपारी सलाईन, संध्याकाळी भेटीला येणाऱ्यांची गर्दी. यांचा वेळ जावा म्हणून मी वाचनालयातून कादंबऱ्या आणायची आणि मोठ्यानं वाचायची. शेजारच्या खाटेवर कचरूबुवा म्हणून म्हातारे होते, पायाला प्लास्टर. तेही कान देऊन ऐकायचे. मी थांबले की म्हणायचे, "काहून थांबली वं बाई? मंग त्या पोट्टीचं काय झालं?"

एक कादंबरी अशी निघाली की तिचा नायक शेवटच्या प्रकरणात याच रोगानं मरतो. मला आधी माहीत नव्हतं. वाचता वाचता नजर पुढच्या पानावर गेली आणि ते दिसलं. पण मी वाचनालयातली बाई! पानावर डोळे ठेवून मी मनानंच पुढचं सांगत गेले. नायक बरा होतो, काठी टेकत अंगणात येतो, पेरूच्या झाडाखाली बसतो. कचरूबुवांनी डोळे पुसले.

"शेवट कच्चा आहे," हे म्हणाले. "लेखक घाबरला. पण बरं वाटलं ऐकून."

आणि त्याच दुपारी, माझ्याकडे सरळ बघत, त्यांनी विचारलं, "सुमन, खरं सांग. अल्सरच आहे ना? तसं नसन तर आजच्या आज दादाले बोलाव. मले त्याच्याशी बोलायचं आहे. त्या कथेत मी खोटं लिहिलं, हे मले त्याले सांगायचं आहे."

वाचकहो, इतकं स्पष्ट विचारलं होतं. कोणी आडून विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, मला कळलं नाही. मला सगळं कळलं होतं.

"अल्सरच आहे," मी म्हटलं. "काहीतरीच काय!"

त्यांचा चेहरा एकदम हलका झाला. "मंग दिवाळीले मीच जातो खाप्याले. माह्या पायानं जातो. आजारी माणसाले लोक दयेपोटी माफ करते. मले तशी माफी नको."

मी म्हटलं, निदान चिठ्ठी तरी लिहा. तर म्हणाले, "लिहून झालं तेवढं पुरे झालं. लिहिण्यानंच घात केला. आता तोंडानं सांगीन."

तुम्ही म्हणाल, तू गुपचूप दादांना कळवायचंस. ते मनात आलं नाही असं समजू नका. पण नऊ वर्षं न फिरकलेला भाऊ अचानक खाटेशी उभा राहिला तर यांना काय कळायचं राहिलं असतं? शिवाय आमच्यात भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, सुनेनं स्वतःहून बोलायची पद्धत नाही. ही झाली कारणं. सांगायला बरी आहेत.

खरं कारण सांगते. मला वाटलं होतं, वेळ आहे. मी आयुष्यभर पुस्तकांत बसलेली. पुस्तकातला माणूस मरतो कसा? उशाला माणसं जमतात, तो डोळे उघडतो, ज्याचा हात धरायचा त्याचा धरतो, मनात असेल ते नीट वाक्यांत बोलतो, आणि मगच मान टाकतो. अशी पानं मी शंभरदा वाचली, शंभरदा रडले. मी मनात धरून चालले होते की शेवट दिसायला लागला की दादांना तार करायची. ते येतील, हे बोलतील, दोघं भाऊ रडतील. तोवर यांना कशाला खचवायचं? मी यांच्या मरणाचा प्रसंगसुद्धा रचून ठेवला होता. लेखकाची बायको ना!

घरी आणल्यावर पहिला महिना बरा गेला. भिंतीला टेकून बसायचे, शाळेच्या वह्या मागवून तपासायचे. खाप्याला जाताना दादांसाठी धोतरजोडी न्यायची, असंही ठरलं. मी हो हो म्हणत राहिले.

मग डोळे पिवळे झाले. पाठोपाठ ॲसायटिस झालं. म्हणजे जलोदर, पोटात पाणी साठतं. पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्यांसारखे. पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं. जाड सुईनं पाणी काढलं, त्याला टॅपिंग म्हणतात. चार दिवसांत ते परत भरलं. मी ठरवलं, आता सोमवारी तार करायची.

रविवारी सकाळी यांनी मला विचारलं, "तुम्ही कोण बाई?"

मला आधी थट्टा वाटली. मग ते हवेत काहीतरी लिहायला लागले, बोटांनी, भराभर. मी धावत डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी यांचे हात पुढे धरायला लावले. पंजे पाखरासारखे फडफडत होते. "हिपॅटिक कोमाची सुरुवात आहे," ते म्हणाले. म्हणजे यकृत बंद पडलं की रक्तातलं विष मेंदूत जातं. मी विचारलं, शुद्धीवर येतील ना? थोडा वेळ तरी? एकदा तरी?

"यात आधी मेंदूच जातो, बाई," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

नाही सांगितलं. आणि मी विचारलंही नव्हतं. मला काय विचारायचं, मी तर सगळं वाचलेलं!

त्याच दिवशी तार केली. दादा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. नऊ वर्षांत मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. खाटेच्या कडेला बसून त्यांनी यांचा हात हातात घेतला. "वामन, मी आलो गा. दादा. डोळे उघड बाबा." वॉर्डातली सगळी माणसं बघत होती. यांनी डोळे उघडले नाहीत. दादा दिवसभर तीच हाक मारत होते. मंगळवारी दुपारी हे गेले.

अस्थी सावडून आल्यावर दादा आमच्या ओसरीवर बसले. मी आत, दाराच्या आड. त्यांनी विचारलं, "काही बोलला होता का वं बाई तो? माह्यासाठी?"

मी रीतभात गुंडाळून ठेवली आणि बाहेर येऊन त्यांच्यासमोर बसले. सगळं सांगितलं. तारेचं सांगितलं, खिशाचं सांगितलं, कथावाचनाचं सांगितलं. म्हटलं, दादा, कथेत खोटं लिहिलं होतं असं ते म्हणाले, चूक त्यांची होती, ते स्वतः येऊन तुमची माफी मागणार होते.

"मंग आला काहून नाही? मले बोलावलं काहून नाही?"

"त्यांना माहीत नव्हतं, दादा. मी त्यांना अल्सर सांगितला होता."

"तुले कधीपासून माहीत होतं?"

"चार महिने."

दादा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मग अगदी सावकाश, समजूत घातल्यासारखं म्हणाले, "बाई, मरणाऱ्या नवऱ्याशी तू चार महिने खोटं बोलली. त्याले बरं वाटावं म्हणून. आता मले बरं वाटावं म्हणून हे सांगून राहिली. मी समजतो. पण हे मी खरं कसं मानू, तूच सांग."

मी शपथ घेतली. देवाची घेतली, यांची घेतली. दादा उठले, चपला घातल्या, बसस्टँडकडे गेले.

म्हणून सांगते, तुमच्या माणसाला सांगा. तो बसून बोलतो आहे, त्याला तुमचं नाव आठवतं आहे, तोवर सांगा. तो रडेल, भिंतीकडे तोंड करून पडेल, तुम्हाला शिव्या देईल. देऊ द्या. कोणाला बोलवायचं, काय बोलायचं, की काहीच नाही बोलायचं, ते त्याचं त्याला ठरवू द्या. दया आली म्हणून त्याच्या हातून ते काढून घेऊ नका.

दर दिवाळीला मी खाप्याला जाते. दादा बसायला सांगतात, चहा देतात, तब्येत विचारतात. यांचा विषय निघाला की उठून मागावर जाऊन बसतात. त्यांच्या लेखी धाकटा भाऊ माफी न मागताच गेला.