जर्कीतला गोडा मसाला

मुलगा कॅनडाच्या पश्चिम टोकाला, सरेला; आम्ही दोघं इकडे पूर्वेला, लंडन, ओंटारियोत. त्याच्या नव्या घरी मी आधी एकटाच गेलो होतो. बायकोची सांधेदुखी वाढली होती, तिला विमानप्रवास झेपला नसता.

शनिवारी सकाळी तो किचनमध्ये बीफ कापत होता. मांस अर्धवट गोठवलेलं, म्हणजे पातळ पट्ट्या नीट निघतात. रात्रभर सोया सॉसमध्ये मुरवून डीहायड्रेटरमध्ये वाळवायच्या, की झाली जर्की. ब्राऊन शुगर, मिरपूड, लसूण. आणि मग कपाटातून त्याने आईच्या गोड्या मसाल्याची बरणी काढली.

"बाबा, हाच बेस्ट फ्लेवर आहे. ऑफिसात सगळे वेडे झालेत."

मी आधीच्या खेपेचा एक तुकडा खाल्ला. बाहेर मी सगळंच खातो, त्याचं काही वाटलं नाही. दगडफुलाचा वास आला आणि मी हसलो. तोही हसला. "आईला सांगू नका हं," तो म्हणाला. "फक्त तिला म्हणा, पुढच्या वेळी खोबरं नको. तेल सुटतं, जर्की लवकर खवट होते."

घरी येऊन मी तिला सांगितलं, सुनेला खोबरं चालत नाही.

"गोडा मसाला खोबऱ्याशिवाय?" ती म्हणाली. पण केला. वर भाजलं की स्मोक अलार्म ओरडतो, म्हणून बेसमेंटमधल्या जुन्या स्टोव्हवर. एका हाताने कठडा धरून जिना उतरायची. दोन वर्षं, दर तीन-चार महिन्यांनी एक डबा. मैत्रिणींना फोनवर सांगायची, "गोरी सून आहे, पण घरात रोज आमटी होते." मी शेजारी बसून ऐकायचो.

मागच्या उन्हाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर नातीला भेटायला तीही माझ्याबरोबर सरेला आली. पहिल्याच संध्याकाळी तिने सुनेपुढे वड्यांचा डबा ठेवला आणि म्हणाली, "नो कोकोनट. स्पेशल फॉर यू."

सून गोंधळली. "पण मला कोकोनट आवडतं! नो कोकोनट तर जर्कीसाठी ना?" आणि तिने कौतुकाने फ्रिजमधली जर्कीची पिशवी आणून दाखवली.

बायकोने पिशवी उघडली, वास घेतला, बंद करून परत दिली. "नाइस," म्हणाली. मुलगा "आई, अ‍ॅक्च्युअली..." म्हणून थांबला. पुढचे दहा दिवस ती सगळ्यांशी नीट बोलली.

परतीच्या विमानात मी म्हणालो, "अगं, तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"तो काय खातो हे मला तो शाळेत होता तेव्हापासून माहीत आहे," ती म्हणाली. "दप्तर मीच रिकामं करत होते ना, बर्गरचे कागद निघायचे. विचारलं असतंत तर नाक मुरडलं असतं, आणि मसाला दिला असता. तुम्ही दोघं मिळून माझ्यावर हसलात."

हसलो तर होतोच.

त्यानंतर तिने मसाला केला नाही. मुलाने दोनदा फोनवर सॉरी म्हटलं; "अरे, त्यात काय," ती म्हणाली आणि नातीचं विचारलं. आता मी इंडियन ग्रोसरीतून गोड्या मसाल्याचं पाकीट आणतो. आमटी तीच करते, वाढतेही. मी चांगली झाली म्हटलं की म्हणते, "तुम्हाला काय, काहीही चालतं."